गारगोटीची धार

जळकोटच्या शिवारात उन्हाळी नांगरट झाली की मी बांधाबांधाने फिरतो. बालाघाटाच्या या उतारांवर काळी माती पातळ. थोडं खाली गेलं की मुरूम लागतो आणि फाळाबरोबर गारगोट्या वर येतात : दुधी, मधाळ, काही पट्ट्यापट्ट्यांच्या. शेळ्या राखणाऱ्या एका मामांनी एकदा हटकलं, "काय हुडकायलाव सर? काय पडलंय का?" म्हटलं, "दगड बघायलोय मामा." ते म्हणाले, "दगडाला काय तोटा हाय आपल्यात!"

खरंच तोटा नाही, आणि माझं सगळं वेड तिथूनच सुरू होतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपलं, साका धरत गेला आणि कॅल्सिडोनी, अकीक, जास्पर असे दगड तयार झाले. आपण त्या सगळ्यांना सरसकट गारगोटी म्हणतो. भोवतालचा काळा पाषाण कुजून मुरूम होतो, गारगोटी कुजत नाही.

कालक्रम थोडक्यात सांगतो. रॉबर्ट ब्रूस फूट यांना ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरमला दगडी हत्यार सापडलं आणि भारतातल्या अश्मयुगाचा अभ्यास सुरू झाला. तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमच्या हातकुऱ्हाडी सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या ठरल्या आहेत. आधी मोठी, जड हत्यारं, मग छिलक्यांची, म्हणजे दगडावर घाव घालून काढलेल्या चपट्या कपच्यांची, मग पात्यांची आणि शेवटी नखाएवढी सूक्ष्मास्त्रं, असा ढोबळ क्रम.

फूट यांचं नाव निदान पुस्तकांत तरी येतं. आपल्या गोदाकाठचा मान मात्र कुणी फारसा सांगत नाही. १८६५ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या विन यांना पैठणजवळच्या मुंगी गावी, गोदावरीच्या जुन्या गाळात अकीकाचा एक छिलका मिळाला. पल्लावरमनंतर अवघ्या दोन वर्षांत! नाथांच्या पैठणाशेजारी मिळालेली ती वस्तू शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

तसंच नेवासे. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या प्रवराकाठी डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी १९५४ पासून उत्खनन केलं. तिथल्या मधल्या पुराश्मयुगातल्या छिलक्यांच्या हत्यारांना 'नेवासियन' असं नावच पडलं. जवळच्या चिरकी नाल्यावर गुडरुन कोर्व्हिनस या जर्मन विदुषीने १९६६ ते १९६९ खोदकाम केलं. हातकुऱ्हाडी आणि आडव्या धारेच्या फरश्या तिथे मिळाल्या. याच बाई पुढे इथिओपियात गेल्या आणि १९७६ मध्ये गोना इथे मिळालेल्या अतिप्राचीन हत्यारांच्या शोधात त्यांचा वाटा होता. प्रवरेकाठी तयार झालेली नजर आफ्रिकेत कामी आली, असं मी मानतो.

त्या मोठ्या हत्यारांसाठी लागायचा घट्ट, बारीक कणांचा काळा पाषाण. सच्छिद्र दगड चालत नाही, घाव घातला की भलतीकडेच फुटतो. गारगोटीचं तसं नाही. घाव बसतो त्या बिंदूखाली छिलक्यावर एक छोटा फुगवटा उठतो आणि तिथून पाण्यात खडा टाकल्यासारख्या लहरी पसरतात. हातात घेऊन तिरप्या उन्हात धरा, अंगठ्याखाली तो उंचवटा लागतो. फाळाने फुटलेल्या गारगोटीची फूट ताजी, चकचकीत असते आणि कुठल्याही बाजूने गेलेली असते. माणसाने काढलेल्या पात्याच्या पाठीवर आधीच्या पात्यांच्या सरळ, समांतर खुणा असतात, कारण एकाच गाभ्यावरून तो ओळीने पाती काढत असतो. धार किती? मी स्वतः गोट्याने गारगोटी फोडून निघालेल्या छिलक्याने अंबाडीचा दोर कापला आहे. विळ्याला लागला असता तेवढाच वेळ लागला.

आता शिकारीकडे वळू. हातकुऱ्हाड फेकून हत्ती मारला, ही चित्रातली कल्पना सोडून द्यावी. ती मुख्यतः मारलेलं किंवा मेलेलं जनावर फाडायला, हाड फोडायला, लाकूड तासायला. शिकारीचं शस्त्र भाला, आणि तो लाकडाचा. जर्मनीत श्योनिंगेनला असे भाले चिखलात टिकले. आपल्या उष्ण, कोरड्या-ओल्या हवेत लाकूड टिकणं कठीण, मागे उरतो तो त्यात बसवलेला दगडच. म्हणून मला सूक्ष्मास्त्रांचं अप्रूप जास्त. चंद्रकोर, त्रिकोण, समलंब अशा आकारांचे हे तुकडे लाकडाच्या किंवा हाडाच्या दांड्यात खाच पाडून डिंका-राळेने बसवायचे. टोकाला एक, बाजूला काटे म्हणून आणखी. बाण आत रुतला की काटे त्याला निसटू देत नाहीत, रक्त वाहत राहतं, जनावर पळालं तरी माग लागतो. एक तुकडा मोडला तर तेवढाच बदलायचा, अख्खं शस्त्र टाकायचं नाही. सुट्या भागांची ही युक्ती नर्मदाकाठी मेहताखेडीला सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वीची आहे. भीमबेटकाच्या चित्रांत काटेरी बाण स्पष्ट दिसतात. चाळीसगावजवळ पाटणे इथे सूक्ष्मास्त्रांच्या जोडीला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला एक तुकडाही मिळाला. म्हणजे महाराष्ट्रात शहामृग होते!

आणि आपल्या मांजरेकाठी? लातूर जिल्ह्यातल्या गांजूर, हरवाडी भागात नदीच्या जुन्या गाळातून हत्ती, पाणघोडा अशा प्राण्यांचे जीवाश्म निघाले आहेत. मांजरेत पाणघोडा डुंबत होता, हे दुष्काळी लातूरला सांगितलं तर कुणाला पटेल? पण जिथे एवढी जनावरं, पाणी आणि पावलोपावली गारगोटी, तिथे माणूस आल्याशिवाय राहणार नाही.

म्हणून तिरू, मन्याड, लेंडीचे काठ आणि त्यांना मिळणारे ओढे पायी पिंजून काढायला हवेत. उदगीर, मुखेड, कंधारच्या महाविद्यालयांतली मुलं हे काम करू शकतात. पात्यासारखं काही दिसलं तर आधी जागेवरच फोटो घ्यावा, गट नंबर आणि कोणत्या थरात होतं ते लिहावं, मग पुरातत्त्व विभागाला कळवावं. ठिकाण हरवलेलं हत्यार निम्मं मुकं होतं. आणि हे लवकर व्हावं, कारण रस्त्यांसाठी मुरूम उपसणारी यंत्रं याच माळांवर फिरतात, आणि त्यांच्या खोऱ्यात आलेला थर पुन्हा वाचता येत नाही.