जीप उंच होते म्हणजे नेमकं काय होतं?

महिंद्राची थार घेतली की पुढचा टप्पा ठरलेला असतो: गॅरेज गाठायचं आणि सांगायचं, 'गाडी उचलायचीय.' जाणता मेकॅनिक लगेच जॅक लावत नाही. दाखवायला उचलायची की दगडांतून न्यायला, हे आधी विचारतो. सगळा खर्च त्या उत्तरावर ठरतो, कारण गाडीला दोन उंच्या असतात. एक बॉडीची, दुसरी ॲक्सलची.

स्प्रिंग वाढवल्या की चॅसी, बंपर आणि पोट वर जातं. चढाला नाक टेकत नाही, मडगार्डखाली मोठ्या टायरला जागा होते. पण मागच्या चाकांमधला डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो आणि वाटेतला दगड नेमका त्यालाच लागतो. तो वर न्यायचा तर टायर मोठा हवा, आणि तिथेही फायदा निम्माच. पहिल्या पिढीच्या थारचा २३५/७० आर १६ टायर साधारण २९ इंच उंच. त्याजागी ३३ इंची बसवला तर व्यास ४ इंचांनी वाढतो, गोळा वर जातो फक्त २ इंच.

या दोन इंचांची किंमत ड्रायव्हिंग सीटवर लगेच कळते. स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी ११४च्या आसपास असते. इंजिनाला चाक फिरवायला जड जातं, चढावर पहिला गिअरही अपुरा वाटतो. ही कसर भरायला क्राऊन-पिनियन बदलावं लागतं: गुणोत्तर ३.७३ असेल, तर ४.२७च्या जवळचं. जड चाक थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो. ॲक्सल शाफ्ट, टाय रॉड, बेअरिंग यांच्यावरचा भार वाढतो. एक टायर बदलला की यादी अशी लांबत जाते.

मुंबईत १९४०च्या दशकाअखेर महिंद्रांनी ज्यांची जुळणी सुरू केली, त्या विलीज जीपच्या घराण्याने हे गणित वेगळ्या तऱ्हेने सोडवलं होतं. त्यातल्या सीजे-३बीचा व्हीलबेस ८० इंच, टायर ६.००-१६ मापाचे, अरुंद. क्राऊनला ४३ दात, पिनियनला ८, म्हणजे गुणोत्तर ५.३८. हायवेवर ही जीप हैराण करते, पण ओढ्यातून मुंगीच्या चालीने बाहेर पडते.

या जीपचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंग, ॲक्सलच्या खालून जातात. तेच ॲक्सलच्या वर बसवले की बॉडी चार-पाच इंच उचलली जाते. काम स्वस्त वाटतं, कारण पाटे तेच राहतात. पण हाउसिंगवर पाट्यांच्या बैठका नव्याने वेल्ड कराव्या लागतात आणि त्यांचा कोन थोडा जरी चुकला, तरी पिनियनचं तोंड भलतीकडे वळून प्रोपेलर शाफ्ट थरथरतो, क्रॉस झिजतात. पुढच्या ॲक्सलचा कॅस्टर बिघडला, तर वळणानंतर स्टेअरिंग आपसूक सरळ होत नाही. ब्रेकचा होज आखूड पडतो. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की ॲक्सल पिळवटतं आणि पाटा इंग्रजी 'एस'सारखा वाकतो. म्हणून चांगल्या गॅरेजात अशा कामात वेल्डिंगपेक्षा मोजमापाला जास्त वेळ जातो.

२०१०ला आलेल्या थारमध्ये मागे पाटे राहिले, पुढे मात्र टॉर्शन बारचं स्वतंत्र सस्पेन्शन आलं. बोल्ट आवळला की नाक वर येतं, त्यामुळे हा उपाय अनेकांना फुकटचा वाटतो. प्रत्यक्षात चाकाला खाली लोंबायला जागा उरत नाही, ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तिरके फिरतात आणि त्यांचे रबरी बूट फाटतात. खड्ड्यात चाक जमीन सोडतं ते वेगळंच.

नाशिकला बनणाऱ्या २०२०च्या थारमध्ये मागे सलग ॲक्सल आणि कॉइल स्प्रिंग आहेत. जमिनीपासूनची उंची २२६ मिमी. तिच्या दोन टायरांची तुलना करा. २५५/६५ आर १८ थोडा उंच आहे, पण त्याची बाजूची भिंत १६६ मिमी. २४५/७५ आर १६ची १८४. रिम लहान, रबर जास्त. कोकणातल्या जांभ्या दगडावर रिम वाचवायला आणि हवा कमी करायला हीच भिंत कामी येते.

हवा कमी करण्याला तर काहीच खर्च नाही. चिखलात किंवा वाळूत ३० पीएसआयवरून १८वर आलं की टायर पसरतो, पकड वाढते. १५च्या खाली गेलं तर साध्या रिमवरून टायर सुटण्याचा धोका असतो, आणि डांबरावर येताच हवा पुन्हा भरावीच लागते. काळ्या मातीत ऑल-टेरेन टायरच्या खाचा बुजून तो गुळगुळीत होतो. तिथे रुंद खाचांचा मड-टेरेन हवा. त्यापुढचा खरा बदल म्हणजे डिफरन्शियल लॉक. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत गेलं की ताकद त्याच्या नुसत्या फिरण्यात वाया जाते. लॉक लागला की जमिनीवरचं चाकही ओढू लागतं. न उचललेली लॉकवाली गाडी उचललेल्या बिनलॉकच्या गाडीपेक्षा लांब जाते, ती यामुळेच.

कायद्याचीही एक हद्द आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार गाडीचे मूळ तपशील बदलतील असे फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच ठामपणे सांगितलं. अपघातानंतर विमा कंपनीही अशा फेरफारांवर बोट ठेवू शकते. गोव्यात २०१४पासून ऐन पावसाळ्यात झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांसाठी बांधलेली गाडी आणि रोज ऑफिसला जाणारी गाडी, या दोघींना एकच माप लावून चालत नाही.

म्हणून क्रम असा असावा: आधी कंपनीने मान्य केलेल्या मापातले चांगले टायर आणि हवेचा गेज, मग मजबूत टो हुक, त्यानंतर लॉक. शॉकअप-स्प्रिंग त्याच्या पुढे, ॲक्सल सगळ्यात शेवटी. गाडी दर वेळी कुठे अडते हे कळल्यावर तेवढंच बदलावं. बरेच जण हा क्रम उलटा लावतात आणि मग उंच गाडी घेऊन पहिल्याच चिखलात दुसऱ्याचा दोर शोधतात.