सरासरीआड दडलेला पाऊस

२६ जुलै २००५. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या पर्जन्यमापकात जेमतेम ७३ मिलिमीटर. शहर एकच. पण नुसती कुलाब्याची नोंदवही हाती लागली असती, तर उद्याच्या अभ्यासकाला त्या दिवशी मुंबई बुडाल्याचा पत्ताही लागला नसता.

पावसाचा दीर्घकालीन कल शोधणाऱ्याची खरी अडचण हीच. अतिवृष्टी मुळात क्वचित होते, आणि झाली तरी नेमकी मापकावरच कोसळेल असं नाही. एकाच गावाच्या पन्नास वर्षांच्या नोंदी मांडल्या, तर आलेखात नुसती दातेरी रेघ दिसते. मग हंगामाची एकूण बेरीज घ्यावी? तीही फसवी.

हवामानशास्त्रज्ञ बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हा गुंता सोडवून दाखवला. त्यांनी विदर्भासह मध्य भारताचे एकेका अंशाचे, म्हणजे साधारण शंभर किलोमीटरचे, चौकोन पाडले. १९५१ ते २००० या काळात प्रत्येक चौकोनात रोज किती पाऊस पडला ते पाहिलं आणि नोंदींचे गट केले: मध्यम, जोरदार, अतिजोरदार. मग साऱ्या प्रदेशात दर हंगामी कोणत्या गटाच्या किती घटना झाल्या, ते मोजलं. एकेका ठिकाणची अनिश्चितता त्या मोठ्या बेरजेत विरली आणि कल स्वच्छ वर आला. दिवसाला १५० मिलिमीटरहून जास्त पावसाच्या घटना जवळपास दुप्पट झाल्या होत्या. ५ ते १०० मिलिमीटरच्या मध्यम पावसाच्या घटना मात्र घटत होत्या. एकीकडची घट दुसरीकडच्या वाढीने भरून निघाली, म्हणून मोसमी सरासरी जागची हललीच नव्हती.

विदर्भात ज्या संथ संततधारेला झड म्हणतात, ती याच मध्यम गटातली. जमिनीत मुरतो, विहिरीला पाझर आणतो तो हा पाऊस. म्हणूनच ‘यंदा सरासरीइतका पाऊस’ ही बातमी वाचून मला हायसं वाटत नाही. तो किती दिवसांत पडला, हेही शेजारी छापायला हवं.

अतिवृष्टीच्या या वाढीच्या कारणाचा माग २०१७ साली पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी कोल यांच्या गटाने काढला. मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचं त्यांना आढळलं. मोसमी पश्चिमी वारे दुबळे होत आहेत, पण त्यांची चंचलता वाढली आहे. तापत्या उत्तर अरबी समुद्रावरून ते मधूनच उसळतात आणि बाष्पाचे लोट आत ढकलतात. त्यानंतर दोन-तीन दिवस धो धो कोसळतं.