भाड्याचे यंत्र आणि झटपट हुकूमनामा

सिडकोने वसविलेल्या कामोठ्यासारख्या उपनगरात नवा धंदा मांडणारा माणूस यंत्रसामग्री विकत घेण्यापेक्षा भाड्याने घेतो, यात नवल नाही. गाळ्याची अनामत भरल्यावर उरलेल्या पैशात झेरॉक्सचे मोठे यंत्र किंवा क्ष-किरण उपकरण रोखीने येत नाही. मग काही वर्षांचा करार होतो, दरमहाचे भाडे ठरते. अशा करारपत्रात पुष्कळदा एक कलम असते: भाडे थकल्यास मालक यंत्र परत नेईल आणि उरलेल्या सर्व महिन्यांचे भाडे एकदम वसूल करील.

धंदा बसला की या कलमाची धार कळते. यंत्र जाते; पाठोपाठ समन्स येते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३७ व्या आदेशाखालील संक्षिप्त दाव्यात प्रतिवादीला आपोआप बचाव करता येत नाही. १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. निकालासाठीचे दुसरे समन्स मिळाल्यावर आणखी १० दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते. ती नाकारली की साक्षीपुराव्याविना हुकूमनामा. लेखी देणे वर्षानुवर्षे लोंबकळू नये यासाठी ही तरतूद आहे आणि ती आवश्यकही आहे. भांडवल अडकले की पुढच्या गरजूचे भाडे चढते.

वाद आहे तो ‘देणे’ कशाला म्हणावे याचा. थकलेले भाडे हे देणे खरेच. परंतु परत नेलेल्या यंत्राचे पुढील वीस महिन्यांचे भाडे? ते यंत्र एव्हाना दुसऱ्याच्या दुकानात कमाई करीत असेल! करारभंगाची भरपाई न्यायालयाने ठरविल्याखेरीज ऋण होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी १९५४ साली ‘आयर्न अँड हार्डवेअर’ खटल्यात स्पष्ट केले. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये ‘रामन आयर्न फाउंड्री’ प्रकरणात तेच मत स्वीकारले. करार कायद्याच्या ७४ व्या कलमानुसारही करारातला आकडा ही केवळ कमाल मर्यादा. मिळते ती वाजवी भरपाई. तेव्हा असा आकडा ‘निश्चित रकमेची मागणी’ म्हणून सरसकट मान्य झाला असेल, तर अपिलासाठी याहून भक्कम मुद्दा क्वचितच सापडेल.

मात्र अपील म्हणजे नवा खटला नव्हे. परवानगीच्या अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात जे आले नाही, ते वरच्या न्यायालयात मांडणे दुष्कर. यंत्र परत नेल्याची पोच, बिघाडाच्या तक्रारी, पत्रव्यवहार हे सारे त्या पहिल्या दिवसांतच जोडावे लागते. वाद व्यापारी न्यायालयापुढील असल्यास अपिलाला ६० दिवस मिळतात, पण नुसत्या अपिलाने वसुली थांबत नाही. स्थगिती हवी तर रक्कम किंवा तारण द्यावे लागते.

गरीब प्रतिवादी अडतो तो येथे. २०१६ मध्ये ‘हबटाउन’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४१८ कोटी रुपये भरावेत वा तेवढे तारण द्यावे, या अटीवर बचावाची परवानगी दिली. मोठ्या कंपनीला अशी अट जड गेली तरी पेलण्याचे मार्ग असतात. छोट्या गाळेधारकावर पूर्ण मागणीची अट घालणे म्हणजे परवानगी नाकारण्यासारखेच. त्याच्यापुढे एक वाट उरते. कबूल केलेला भाग न्यायालयात भरावाच लागतो, असे हाच आदेश सांगतो. तेव्हा थकलेले भाडे मुकाट्याने भरावे, आणि यंत्र गेल्यानंतरच्या महिन्यांचा पैसा मात्र मालकाने पुराव्यानिशी सिद्ध करावा, असा आग्रह पहिल्याच अर्जात धरावा.