माथ्यापासून पायथ्यापर्यंत

वळवाचा पाऊस पडून गेला म्हणजे ओढ्यास तांबूस पाणी येतें आणि मुलें तें पाहावयास काठावर धांवतात. त्या पाण्यास रंग कशाचा, असें वर्गांत विचारिलें तर "पाणी गढूळ आहे, गुरुजी," एवढेंच उत्तर मिळतें. तो रंग कोणाच्या तरी शेताचा आहे. जी माती तयार व्हावयास कित्येक शतकें लागलीं, ती एका दुपारीं आपल्या डोळ्यांदेखत वाहून जाते.

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या पर्जन्यछायेंतील तालुक्यांत पाऊस थोडा. पण जो पडतो तो पुष्कळदां चारदोन मोठ्या सरींत पडतो, आणि उघड्याबोडक्या डोंगरावरून धांवत सुटतो. पावसाळ्यांत माती जाते व उन्हाळ्यांत पाण्याचा टँकर येतो. हीं दोन दुःखें आहेत असें आपण समजतों. वस्तुतः तें एकच आहे. घरीं प्रयोग करून पाहावा. दोन फळ्या सारख्याच तिरप्या ठेवाव्या. एकीवर नुसती माती पसरावी, दुसरीवर गवताच्या मुळांसकट खणून काढलेला मातीचा थर ठेवावा, आणि दोहोंवर झारीनें सारखेंच पाणी घालावें. पहिल्या फळीखालीं चिखल जमेल. दुसरीखालीं बराच वेळ कांहींच जमणार नाहीं, आणि मग हळूहळू जवळजवळ स्वच्छ पाणी ठिबकूं लागेल. आमचा आजचा सारा विषय त्या दुसऱ्या फळीचा आहे.

फादर हर्मन बाखर हे येशूसंघाचे स्विस धर्मगुरु १९४८ सालीं भारतांत आले व त्यांनीं आयुष्याचीं पुष्कळ वर्षें याच जिल्ह्यांतील शेतकऱ्यांत घालविलीं. १९७२ च्या दुष्काळानें येथील लोकांची जी दैना केली ती विसरण्यासारखी नव्हती. पुढें जर्मनीच्या साहाय्यानें व नाबार्ड या बँकेच्या सहकार्यानें पाणलोट विकासाचा एक मोठा कार्यक्रम सुरू झाला. आणि गांवकऱ्यांस त्या कामाचें शिक्षण देण्यासाठीं फादर बाखर व श्री. क्रिस्पिनो लोबो यांनीं १९९३ मध्यें वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट हा नफा न घेणारा न्यास स्थापिला. फादर २०२१ मध्यें निवर्तले. न्यासाचें काम आज इतर राज्यांतही चालतें.

कामाचा नियम एकच: आरंभ माथ्यावर, शेवट पायथ्याशीं. आधीं खालीं बंधारा बांधला तर दोनचार पावसांतच तो गाळानें भरून जातो. म्हणून प्रथम डोंगराच्या माथ्याकडे समपातळीवर आडवे चर खणितात. समपातळी शोधण्यास मोठें यंत्र लागत नाहीं. दोन काठ्यांना एक पारदर्शक नळी बांधून तींत पाणी भरितात. दोन्ही काठ्यांवर पाणी सारख्या उंचीस आलें कीं ते दोन बिंदु एका पातळींत. शाळा सोडलेल्या माणसासही ही नळी वापरतां येते. चरांतून निघालेली माती उताराच्या बाजूस रचून तिच्यावर गवत व झाडें लावितात. त्याखालीं घळींत दगडांचे आडवे बांध, मग शेतांच्या ताली, आणि सर्वांच्या शेवटीं नाल्यावरील बंधारा. धांवणारें पाणी चालूं लागतें, चालणारें थांबतें, थांबलेलें जमिनींत मुरतें आणि विहिरींत येतें.

यांत खणण्याचें काम कठीण नाहीं. कठीण काम निराळेंच आहे, आणि तें संगमनेर तालुक्यांतील दरेवाडीच्या उदाहरणानें नीट कळेल. तेथें १९९६ मध्यें कार्य सुरू झालें. त्या वेळीं गांवास एप्रिलपासून जुलैपर्यंत टँकरचें पाणी प्यावें लागे, व शेतीचें काम वर्षांतून तीनचार महिनेच मिळे. बाकीचे दिवस लोक पोट भरण्यास बाहेर जात. न्यासाची अट अशी असते कीं, गांवानें आपली समिति निवडावी, श्रमदान करावें, झाडावर कुऱ्हाड चालवूं नये, आणि ज्या डोंगरावर काम झालें तेथें गुरेंमेंढरें मोकळीं सोडूं नयेत. पहिल्या अटी मान्य होतात. शेवटच्या अटीवर गांव दुभंगतें. दरेवाडींतही धनगरांनीं तीस विरोध केला.

आमच्या वर्गांत हा विषय चालला असतां धनगराच्या घरच्या एका मुलानें उभें राहून विचारिलें, "डोंगर बंद केला, तर मेंढ्यांनीं जावें कोठें, गुरुजी?" त्या दिवशीं आम्हांस धड उत्तर देतां आलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. विहिरीस पाणी वाढलें तर ज्याची विहीर आहे त्याचा लाभ. डोंगर बंद केला तर ज्याला जमीन नाहीं त्याची हानि. गाय दावणीस बांधून पोसतां येते. मेंढरांच्या कळपास दावण नसते. शिवाय गवत कापून डोक्यावर आणण्याचें ओझें बहुधा घरच्या बायकांवरच पडतें. म्हणून डोंगर एकदम बंद न करितां भागाभागानें बंद करणें, गवत वाढलें म्हणजें तें कापून नेण्याचा हक्क सर्वांस देणें, चर खणण्याची मजुरी गांवांतल्याच भूमिहीनांस मिळेल असें पाहणें, आणि समितींत त्यांस व स्त्रियांस जागा देणें, या गोष्टींवर बैठकांमागून बैठका घ्याव्या लागतात. आमच्या मतें न्यासाचें खरें काम या बैठकांचें आहे.

दरेवाडीनें पांच वर्षें नेट धरिला. २००१ च्या सुमारास टँकर बंद झाला होता, आणि शेतीचें काम वर्षांतून नऊदहा महिने मिळूं लागलें होतें. ज्यांस जमीन नव्हती त्यांसही गांव सोडून जाण्याचें कारण कमी झालें. त्या मुलास आम्हीं हें नंतर सांगितलें. "म्हणजे मेंढ्या कमीच कराव्या लागल्या ना?" असें तो म्हणाला. होय, कळपाचा प्रश्न सुटला असें आम्हीं म्हणणार नाहीं.

पाणी आलें म्हणजे दुसरें संकट येतें. विहिरीला पाणी दिसतांच कूपनलिका खणावी, ऊंस लावावा, असें ज्याच्या त्याच्या मनांत येतें, आणि दहा वर्षांत सर्वांनीं मिळून मुरविलेलें पाणी चारदोघे दोन उन्हाळ्यांत उपसूं शकतात. यासाठीं न्यासानें गांवांस पाण्याचा ताळेबंद मांडावयास शिकविलें आहे. पावसाळा संपला म्हणजे गांवांत पाऊस किती पडला, मुरला किती, पिण्यास किती लागेल व गुरांस किती, याचा हिशेब करितात. मग जें उरेल त्यांत रब्बीचें कोणतें पीक बसतें तें सर्वांसमक्ष ठरवितात. हिशेब साध्या बेरीज-वजाबाकीचा आहे. आमच्या इयत्ता सातवीच्या मुलांनीं गेल्या वर्षीं शाळेच्या विहिरीपुरता तो करून पाहिला, तेव्हां बागेचें पाणी जानेवारींतच संपेल असें निघालें. मग बागेंतील अर्धे वाफे कोरडे ठेविले.