धावण्याचा सराव आणि वजनाचा काटा

१९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसित झालेल्या किल्लारीच्या प्रशस्त, सरळ रस्त्यांवर वजन घटविण्याच्या हेतूने जो रोज तितकेच अंतर त्याच वेगाने धावतो, त्याचा काटा कालांतराने जागीच थबकतो. कारण किलोमीटरभर धावण्यास देहाच्या दर किलोग्रॅममागे सुमारे १ किलोकॅलरी खर्ची पडते आणि देह हलका होताच हा खर्चही घटतो.

म्हणून श्रमांत क्रमशः वाढ करणे इष्ट होय. दहा मिनिटे संथ धावून अंग तापल्यावर एक मिनिट वेगाने व दोन मिनिटे सावकाश अशी सहा आवर्तने आठवड्यातून एकदोनदाच करावीत, अन्य दिवशी अंतर थोडथोडे वाढवावे अथवा चढाची वाट धरावी, आणि एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. स्वीडनचे प्रशिक्षक गोस्टा होल्मेर यांनी १९३० च्या दशकात रूढ केलेली ‘फार्टलेक’ पद्धती वेगाच्या अशाच चढउतारांवर आधारलेली आहे.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मात्र पहाटेचाच प्रहर निवडावा. मधुमेह, रक्तदाब वा सांध्यांची व्याधी असल्यास प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शिवाय, ६० किलोच्या माणसाने ५ किलोमीटर धावून खर्चिलेल्या ३०० किलोकॅलरी दोन-तीन भाकरींत भरून निघतात. सबब आहाराचा जमाखर्च सांभाळल्यावाचून हे श्रम फलद्रूप होत नाहीत.