तेरा की नऊ?

‘जपानी लेकीही पहिल्या बाळंतपणाला माहेरी जातात का हो?’ एका वाचक आजींनी विचारलं. जातात की! ‘सातोगाएरी’ म्हणतात त्याला. दिवस भरत आले की माहेर गाठायचं, बाळ महिन्याचं झालं की परतायचं. जुन्या रीतीत साधारण एकविसाव्या दिवशी बाळंतिणीची गादी गुंडाळून ठेवतात. त्याचं नाव ‘तोकोआगे’, अंथरूण उचलणं. आपला सव्वा महिना त्याहून थोडा उदार.

पण माहेरपण संपलं की पहिलटकरीण शहरातल्या फ्लॅटमध्ये, आणि नवरा रात्री उशिरा येणारा. एकटीनं बाळ सांभाळण्याला तिथे ‘वान-ओपे’ म्हणतात. रात्रभर एकाच कामगाराच्या जिवावर चालणाऱ्या खानावळींवरून आलेला हा शब्द!

मी मात्र रमलो ते बाळंतपणानंतरचं नैराश्य हेरणाऱ्या दहा प्रश्नांत. मानसोपचारतज्ज्ञ जॉन कॉक्स युगांडात बाळंतिणींच्या मनाचा अभ्यास करून आले होते. पुढे १९८७ साली त्यांनी सहकाऱ्यांसह ही दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिची खुबी अशी, की थकव्याबद्दल ती विचारतच नाही. तान्ह्या बाळाची आई थकलेली नसेल तर नवल! प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, सगळे मिळून ३०. ब्रिटनमध्ये साधारण १३ पासून डॉक्टर सावध होतात.

१९९६ मध्ये तादाहारू ओकानो आणि सहकाऱ्यांनी जपानी प्रश्नावली तपासली. नुसता अनुवाद करून ते थांबले नाहीत. कागदावरचे गुण डॉक्टरी निदानाशी ताडून पाहिले. धोक्याची रेषा खाली घसरली, थेट ९ वर. जगभर कॉक्स यांचं नाव घेतात, ओकानोंचं कोण घेतं? खरं तर किचकट काम त्यांचं होतं.

जपानी आया जास्त दुःखी, असा याचा अर्थ नव्हे. तितकीच आजारी बाई तिथे कागदावर कमी दुःख कबूल करते. ‘गामान’, म्हणजे निमूट सोसणं, हा तिथे सद्गुण. कारण तेच असावं, असा माझा कयास. एकच आकडा घेऊन देशांची तुलना करणाऱ्या बातम्या म्हणूनच मी बाजूला ठेवतो.

२०१७ पासून जपान सरकार बाळंतिणीच्या तपासण्यांना अनुदान देतं. एक तपासणी दोन आठवड्यांनी, दुसरी महिन्यानं, आणि तिथे हेच दहा प्रश्न समोर येतात. गंमत बघा, सातोगाएरीला गेलेली मुलगी तेव्हा बहुधा आईच्या हातचं गरम जेवत असते. फ्लॅटचं कुलूप ती उघडते त्यानंतर. मग पालिकेचं माणूस दार वाजवतं, चार महिन्यांच्या आत कधीतरी.