मयूरशिखा : कातळाच्या फटींतील नेचा

पावसाळा लागून पंधरवडा लोटला, कीं सह्याद्रीवरील एखाद्या जुन्या किल्ल्याच्या तटाशीं जाऊन उभें राहावें. दगडांच्या सांध्यांतून ताडाचीं इवलींशीं झाडें डोकावल्यासारखीं दिसतात. उंची वीतभरहि नाहीं; तारेसारखा बारीक देंठ, आणि वर पुन्हां पुन्हां दुभंगत गेलेलें पंख्याच्या आकाराचें पान. हीच मयूरशिखा. वनस्पतिशास्त्रांत हिला ‘ॲक्टिनिऑप्टेरिस रेडिएटा’ म्हणतात. आफ्रिका, अरबस्तान व सिंहलद्वीप येथेंहि ती आढळते.

नेचा म्हटला कीं दाट सावली आणि अखंड ओल आपल्या डोळ्यांपुढें येते. ही मात्र उघड्या, तापणाऱ्या कातळांत राहते. उन्हाळ्यांत पानें आक्रसून तपकिरी पडतात, आणि वाटसरू तिला वाळलेलें गवत समजतो. पण ती मेलेली नसते. पाणी मिळतांच तींच पानें उलगडून हिरवीं होतात. हा चमत्कार मुलांना दाखवावा म्हणून आम्हीं एकदां एक सुकलेला झुपका उपटून घरीं आणिला. दुसऱ्या दिवशीं तो टवटवीत झालेला पाहून सारें घर गोळा झालें. थोरल्या काकूंनीं विचारलें, “हिला फूल कधीं येतें हो?”

फूल नाहीं, बीहि नाहीं. पानाच्या मुडपलेल्या कडेखालीं धुळीसारखीं बीजुकें असतात. बीजुक ओलीवर पडलें, कीं त्यापासून नखापेक्षांहि लहान असें पातळ हिरवें पापुद्र्यासारखें रोप होतें. त्यावर पाण्याचा थर असेल तरच फलन घडतें, आणि मग खरा नेचा उगवतो. नेच्यांच्या आयुष्यांतील ह्या दोन पिढ्यांचा उलगडा १८५१ मध्यें विल्हेल्म होफ्माइस्टर ह्यानें केला. हा गृहस्थ लाइपझिग येथें वडिलांच्या संगीतग्रंथांच्या दुकानांत काम करी. विश्वविद्यालयाची पायरी तो विद्यार्थी म्हणून कधीं चढला नव्हता!

तेव्हां कोरड्या कातळावर नव्या रोपाला जन्मण्यास पावसाचे थोडेच दिवस मिळतात. इकडे औषधासाठीं झुपके मुळासकट उपटले जातात. त्यांतून बागेंतल्या कोंबड्यालाहि कोणी मयूरशिखाच म्हणतात, म्हणजे पुडींत काय आलें ह्याचीहि खात्री नाहीं. तटांची डागडुजी व्हावयास हवी, हें आम्हांस मान्य आहे. परंतु सांधा सिमेंटानें लिंपला कीं हिचें घर बुजतें.

आमचा झुपका कुंडींत दोन महिनेहि टिकला नाहीं. घरांतील सर्वांनीं पाणी घालून घालून त्याचीं मुळें कुजविलीं. त्या कुंडींत काकूंनीं आतां ओवा लावला आहे.